बोजा उतरवण्याची जबाबदारी बँकेचीही
गृहकर्जासारखे वैयक्तिक कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करावीत, या रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाविषयी लेखात लिहिले आहे; मात्र त्याच मुदतीत मालमत्तेवर नोंदवलेला बोजाही (म्हणजे ती तारण असल्याची नोंद) काढायचा असतो, हा भाग त्यात राहून गेला. विलंब बँकेमुळे झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देय आहे. नुसत्या ना-देय दाखल्यावर (कर्ज बाकी नसल्याच्या बँकेच्या पत्रावर) समाधान मानणारे कर्जदार (आणि तेच अधिक असावेत) सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजाची नोंद पाहतच नाहीत, आणि पुढे जमीन विकताना खरेदीदाराचा वकील नेमके तिच्यावरच बोट ठेवतो. तक्रार आधी बँकेकडे लेखी करून पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.