अडला हरी, ऑस्टिनचे पाय धरी

१९५९ सालची वुल्सली १५/६० ही गाडी मी इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये घेतली, तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, "माझी ऑस्टिन केंब्रिज हीच की!" मी कसनुसं हसलो. मनात म्हटलं, जळतात.

पण आजोबा खरं बोलत होते. ऑस्टिन आणि मॉरिस हे मोटार-कारखाने १९५२ साली एक झाले आणि पुढे त्यांनी इटलीच्या पिनिन फारिना या मोटार-रचनाकाराकडून बॉडीचा एकच अंगरखा बेतून घेतला. लग्नघरात एकाच ताग्यातून सगळ्या पोरांचे सदरे शिवावेत, तसा तो ऑस्टिन, मॉरिस, एमजी, रायली, वुल्सली अशा पाचही भावांच्या अंगावर चढवला. इंजिनही एकच, १४८९ सीसीचं. एमजी आणि रायली जरा लाडावलेले, त्यांना कार्ब्युरेटर दोन-दोन. सांगलीला बाबांच्या जुन्या ॲम्बॅसिडरमध्येही हेच इंजिन होतं, म्हणजे भाऊबंदकी थेट कृष्णाकाठापर्यंत.

मग मी जादा पैसे कशाचे मोजले? लाकडी डॅशबोर्डचे आणि बिल्ल्याचे. साइडलाइट लावले की वुल्सलीच्या पुढच्या जाळीवरचा नावाचा बिल्ला आतून उजळतो. देव्हाऱ्यातल्या समईसारखा.

माझा उजळेना.

एरवी काही बिघडलं तर ऑस्टिनचा पार्ट चालतो, मॉरिसचा चालतो. बिघडला तो नेमका मिरवायचा दिवा! मी हौसेने एलईडी बल्ब आणला. ढिम्म. तीन संध्याकाळी गाडीपुढे मांडी ठोकून वायरी चाचपल्या. चौथ्या संध्याकाळी उलगडा झाला: या गाडीत, आजच्या गाड्यांच्या उलट, बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली, आणि एलईडीला उलटा प्रवाह चालत नाही. साधा, तारेचा बल्ब लावला आणि बिल्ला झळकला. बायकोला बाहेर बोलावलं. "एवढंच?" म्हणून ती आत गेली. मी मात्र अंधार पडेपर्यंत पाहत उभा राहिलो आणि त्याच तंद्रीत जेवायला गेलो.

सकाळी बॅटरी ठार. बिल्ला रात्रभर कुणासाठी तेवत होता कोण जाणे.

आजोबांनी काही न बोलता ऑस्टिन शेजारी आणून लावली. वायरी जोडताना म्हणाले, "काळजी नको, हिचीही पॉझिटिव्हच बॉडीला."