खुलासा: रेशनच्या तांदळात प्लास्टिक नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावागावांतल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे आहेत, पाण्यावर तरंगतात, निवडून फेकून द्या. ही माहिती चुकीची आहे.

ते पोषणयुक्त तांदळाचे दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर त्यांना दाण्याचा आकार देतात आणि साधारण १०० साध्या दाण्यांमागे १ या प्रमाणात ते मिसळतात. घडण वेगळी असल्याने रंग थोडा निराळा दिसतो, काही तरंगतातही. गोणीवर ‘+F’ (प्लस एफ) ही खूण बघा. खात्री हवी तर शिजवलेल्या दाण्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. पिठूळ असल्याने तो निळा-काळा होईल, प्लास्टिक होणार नाही. तपासलेला दाणा मात्र खाऊ नका.

अनेक घरांत हा तांदूळ कोंबड्यांना घालून दुकानातला महाग तांदूळ आणला जातोय, याचं फार वाईट वाटतं. रेशनचा तांदूळ खा. खळखळून धुऊ नका, पेज ओतून न देता प्या. जीवनसत्त्वं पाण्यातूनच जातात. घरी थॅलेसेमियाचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.