‘नेट बंद, व्हायरस बंद’ हा संदेश पुढे पाठवण्याआधी

झेरॉक्सवाले, क्लासवाले, डीटीपीवाले, सोसायट्यांची ऑफिसं, सीएंकडचे असिस्टंट अशा मुंबईतल्या कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. तो थोडक्यात असा:

‘कॉम्प्युटरला व्हायरस फक्त इंटरनेटवरून येतो. काम झालं की नेट बंद करा. आपण स्वतः काही उघडलं नाही तर काहीच होत नाही. पेनड्राइव्ह डबल-क्लिक न करता राइट-क्लिकने उघडा. फाइली शॉर्टकट झाल्या तर त्या गेल्याच, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. अँटीव्हायरस असेल तर विंडोज अपडेट बंद ठेवा, पीसी स्लो होतो. तरीही लागलाच तर पीसी फॉरमॅट करा, विषय संपला.’

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण या सगळ्या सूचना तंतोतंत पाळणाऱ्या दुकानातही वर्म सुखाने नांदू शकतो. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो, क्रम मात्र आमचा.

आधी एक फरक. बोलताना आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो. खरा व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटतो आणि ती फाइल कोणीतरी चालवेपर्यंत निपचित पडून राहतो. वर्म हा स्वतंत्र प्रोग्राम असतो आणि आपली प्रत दुसऱ्या यंत्रावर पोचवण्याचं काम तो स्वतःच करतो. (मराठीतल्या ‘वर्मावर बोट’ मधलं वर्म वेगळं, हा इंग्रजीतला किडा.) त्याला इंटरनेटच हवं असं नाही. लॅनवर, म्हणजे ऑफिसातले पीसी एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्यावर, दार उघडं ठेवून बसलेली एखादी सेवा (मागे चालू असणारा प्रोग्राम), हातोहात फिरणारा पेनड्राइव्ह किंवा सगळीकडे सारखाच ठेवलेला पासवर्ड, यातलं काहीही त्याला पुरतं.

‘आपण स्वतः काही उघडलं नाही तर काहीच होत नाही.’ संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हे. २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेला स्लॅमर हा वर्म अवघ्या ३७६ बाइटांचा होता. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक चिन्ह साधारण तीन बाइट घेतं. म्हणजे सव्वाशे चिन्हं, एखाद-दुसरं वाक्य. वर दिलेला संदेशच त्याच्या दुपटीहून मोठा आहे. मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरच्या १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कवरून आत येण्याच्या क्रमांकित दारावर) एक पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, येऊन आदळायचं आणि यंत्र लागण झालेलं असायचं. कोणी काही उघडायचा प्रश्नच नव्हता. सुरुवातीला लागण झालेल्या यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती आणि दहा मिनिटांत लागण होऊ शकेल अशी जवळपास ९० टक्के यंत्रं त्याने गाठली. घरच्या आणि ऑफिसच्या साध्या पीसींनाही तो लागला, कारण त्या डेटाबेसची छोटी आवृत्ती इतर सॉफ्टवेअरबरोबर आपोआप बसलेली होती. आपल्या पीसीवर डेटाबेस सर्व्हर आहे हे वापरणाऱ्याच्या गावीही नव्हतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लास्टर हा वर्म आला. ‘६० सेकंदांत कॉम्प्युटर बंद होईल’ अशी खिडकी उघडून विंडोज एक्सपीवाले पीसी आपोआप रीस्टार्ट होत. त्या काळी अनेक इमारतींत केबलवाल्याचं नेट गच्चीवरच्या स्विचमधून (अनेक पीसींच्या वायरी जोडणाऱ्या डब्यातून) लॅनसारखंच घरोघरी उतरायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या पीसीला सातव्या मजल्यावरचा पीसी थेट दिसायचा. वर्मला यापेक्षा सोयीचं काय असणार?

फाइली लॉक करणारा वॉनाक्राय हा वर्म (१२ मे २०१७) कसा पसरायचा ते पायरीपायरीने पाहू. लागण झालेला पीसी आधी स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आपला क्रमांक) आणि सबनेट (आपल्या जाळ्यातल्या पत्त्यांचा गट) बघतो. समजा तो १९२.१६८.१ ने सुरू होतो. मग शेवटचा आकडा १ पासून २५४ पर्यंत बदलत एकेका पत्त्यावर ४४५ क्रमांकाचं पोर्ट उघडं आहे का ते तपासतो. हे पोर्ट विंडोजच्या फाइल आणि प्रिंटर शेअरिंगचं. उघडं सापडलं की तिथे मुद्दाम बिघडवलेली पॅकेट पाठवतो. शेअरिंगच्या जुन्या, म्हणजे एसएमबी १ या पद्धतीतल्या चुकीमुळे विंडोजच्या गाभ्यातल्या मेमरीत ठरलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर सांडतो आणि वर्मचा कोड थेट सिस्टिमच्या अधिकाराने चालू लागतो. समोरच्या पीसीवर कोणी लॉगिन केलेलं असण्याचीही गरज नसते. नंतर तो पीसी तेच काम पुढे सुरू करतो. दुसरीकडे तोच वर्म इंटरनेटवरचे कुठलेही पत्ते उचलून तपासत असतो. बाहेरून येणारी ती धडक घरचा राउटर बहुतेक वेळा अडवतो, पण राउटरच्या आत, पीसी आणि पीसी यांच्यामध्ये, भिंत नसते.

दुकानात चार-पाच पीसी आणि एक मोठं झेरॉक्स मशीन असेल तर आज संध्याकाळी हे करता येईल. कंट्रोल पॅनलमध्ये ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’, तिथून ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’, आणि यादीतल्या ‘एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट’ समोरची टिक काढून रीस्टार्ट. २०१७ च्या अखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये हे मुळात बंदच येतं. मग ते सुरू कोण करतं? बहुतेक वेळा जुन्या झेरॉक्स मशीनचं ‘स्कॅन टू फोल्डर’. मशीनला नवी पद्धत कळत नाही, म्हणून ते बसवायला आलेला माणूस प्रत्येक पीसीवर एसएमबी १ सुरू करून जातो. मशीनच्या सेटिंगमध्ये एफटीपी किंवा स्कॅन टू ईमेल असेल तर ते वापरा. नसेल तर स्कॅन फक्त एकाच पीसीवर घ्या आणि त्या पीसीवर हिशेबाचं काहीही ठेवू नका.

प्रिंटर दिसत नाही म्हणून फायरवॉलच (बाहेरून पीसीत शिरू पाहणाऱ्याला अडवणारी सोय) बंद करायची ही सवयही सोडा. फायरवॉल चालू ठेवून ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला फक्त प्रायव्हेट नेटवर्कवर परवानगी द्या. ज्या पीसीवरून काहीच शेअर करायचं नाही त्याचं नेटवर्क पब्लिक ठेवा. टॅलीच्या डेटाचा फोल्डर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ असा शेअर केलेला असेल तर ज्याला लागतो त्या युजरलाच तो द्या.

आता ‘फक्त इंटरनेटवरून येतो’ आणि ‘नेट बंद करा’. नेट बंद केल्याने राउटरच्या बाहेरचा रस्ता बंद होतो, आतला स्विच चालूच राहतो. वॉनाक्रायच्या बाबतीत तर या सल्ल्याने नुकसानच झालं असतं. तो सुरू होताना एका लांबलचक निरर्थक वेबपत्त्याला हाक मारायचा. उत्तर आलं तर थांबायचा, न आलं तर फाइली लॉक करायला घ्यायचा. मार्कस हचिन्स या ब्रिटिश तरुण संशोधकाने तो पत्ता त्याच दिवशी नोंदवला आणि साथ ओसरली. पण लॅन चालू आणि नेट बंद अशा ऑफिसात त्या हाकेला उत्तर मिळण्याची सोयच नव्हती, तिथे वर्म पुढे चालत राहिला असता.

नेट अजिबात नसलेल्या यंत्राचं उदाहरण म्हणजे स्टक्सनेट, २०१० मध्ये उजेडात आलेला. इराणच्या नतान्झ इथल्या अणुकेंद्रातली यंत्रणा बाहेरच्या नेटपासून तोडलेली होती, तरी वर्म तिथे पोचला, आणि पेनड्राइव्ह हे त्याचं मुख्य वाहन होतं. शॉर्टकटचं चित्र पडद्यावर उमटवताना विंडोजकडून होणारी एक चूक त्याने वापरली. फोल्डर नुसता उघडून पाहिला तरी पुरे. ती चूक दुरुस्त करणारं अपडेट २ ऑगस्ट २०१० रोजी आलं.

यावरूनच राइट-क्लिकचा मुद्दा निकालात निघतो. तो सल्ला ऑटोरनच्या काळातला, म्हणजे पेनड्राइव्हवरची ‘ऑटोरन डॉट इन्फ’ फाइल वाचून विंडोज काहीतरी आपोआप चालवत असे तेव्हाचा. तेव्हाही तो अपुराच होता, कारण त्याच फाइलमधून राइट-क्लिकच्या यादीतला ‘ओपन’ही बदलता यायचा. विंडोज ७ मध्ये यूएसबीसाठी ही सोय बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने एक्सपी व व्हिस्टावरही.

आज कॉलेजांजवळच्या प्रिंटच्या दुकानांत जो प्रकार दिसतो तो शॉर्टकटवाला. पेनड्राइव्ह लावताच पीसीवर दबा धरून बसलेला वर्म त्यावरचे खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावांचे शॉर्टकट बनवतो. कधी पूर्ण ड्राइव्हच्या नावाचा एकच शॉर्टकट दिसतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी लपवलेली स्क्रिप्ट (सूचनांची छोटी फाइल) चालते आणि लगेच खरा फोल्डरही उघडतो. प्रोजेक्टची पीडीएफ मिळते, प्रिंट निघते, शंका येत नाही. तो मुलगा पेनड्राइव्ह घेऊन पुढच्या दुकानात जातो.

म्हणजे ‘त्या गेल्याच’ हेही चूक. फाइली बहुधा तिथेच असतात. ‘शो हिडन फाइल्स’ केलं तरी दिसत नाहीत, कारण वर्मने हिडनबरोबर सिस्टिम ही खूणही लावलेली असते. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिकही काढावी लागते. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब कमांडने हिडन, सिस्टिम आणि रीड-ओन्ली या तिन्ही खुणा सबफोल्डरांसकट काढायच्या. कधी सगळं सामान बिननावाच्या दिसणाऱ्या फोल्डरमध्ये ढकललेलं सापडतं. त्याचं नाव म्हणजे एक अदृश्य स्पेस असते. हे सगळं स्वच्छ पीसीवर करा. लागण झालेल्या पीसीवर पेनड्राइव्ह फॉरमॅट केला तर काही सेकंदांत वर्म त्यावर पुन्हा हजर. आपला पीसी तसा आहे का याची एक खूण: टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट’ कारण नसताना चालू दिसतो आणि स्टार्टअपच्या यादीत अनोळखी नोंद असते. नुसता ॲडमिन नसलेला युजर वापरून हा प्रकार टळत नाही, कारण त्या युजरच्या स्वतःच्या स्टार्टअपमध्ये शिरायला ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत.

भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने ‘यूएसबी प्रतिरोध’ नावाचं मोफत साधन दिलं आहे. त्याने कोणता पेनड्राइव्ह चालू द्यायचा हे ठरवता येतं. दुकानासाठी त्याहून सोपं म्हणजे गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह एकाच पीसीवर घेणं आणि तो पीसी लॅनला न जोडता सरळ यूएसबी वायरने प्रिंटरला जोडणं.

अपडेटचा मुद्दा. स्लॅमरने वापरलेल्या चुकीची दुरुस्ती सहा महिने आधी आलेली होती. ब्लास्टरची २६ दिवस आधी, २००४ मधल्या सॅसर या वर्मची १७ दिवस, वॉनाक्रायची १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे ५९ दिवस आधी. दुरुस्ती बाहेर आली की जुनी आणि नवी फाइल ताडून पाहणाऱ्याला चूक नेमकी कुठे होती ते कळतं. अपडेट बंद ठेवणारा पीसी त्या दिवसापासून जास्त धोक्यात जातो. अँटीव्हायरसने हे भरून निघत नाही. स्लॅमर तर फक्त मेमरीत राहायचा, डिस्कवर त्याची फाइलच नव्हती.

पीसी स्लो होण्याची तक्रार मात्र खरी आहे. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर अपडेटच्या वेळी डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर जाते. ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये दुकानाची वेळ भरा म्हणजे गर्दीत रीस्टार्ट होणार नाही, आणि जमेल तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून २५६ जीबीची एसएसडी आणून बसवा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात घ्या.

पण ‘अपडेट आहे, आता काळजी नाही’ हेही खरं नाही. २७ जून २०१७ चा नॉटपेट्या हा वर्म युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. मर्स्क या जहाज-वाहतूक समूहाच्या नेटवर्कमध्ये शिरल्यावर त्याचा फटका न्हावा शेवा बंदरातल्या त्यांच्या कंटेनर टर्मिनललाही बसला आणि तिथलं काम अडलं. वॉनाक्रायने वापरलेली विंडोजमधली चूकच तो वापरायचा, पण तेवढ्यावर थांबत नव्हता. पीसीच्या मेमरीत असलेले लॉगिनचे तपशील उचलायचा आणि विंडोजच्याच दूरस्थ व्यवस्थापनाच्या सोयी वापरून शेजारच्या पीसीवर शिरायचा. अपडेट केलेले पीसीही असे पडले. सगळ्या पीसींवर ‘ॲडमिन’ हाच युजर आणि तोच पासवर्ड ठेवायची आपल्याकडची पद्धत अशा वर्मला तयार किल्ली देते. प्रत्येक पीसीचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवा, वहीत लिहून ती वही कपाटात ठेवली तरी चालेल.

राहिलं ‘पीसी फॉरमॅट करा, विषय संपला’. एकच पीसी साफ केला तर शेजारचा पीसी तो पुन्हा बाधित करतो, त्यातही नुकतंच टाकलेलं विंडोज अपडेट व्हायच्या आतच. म्हणून क्रम असा: आधी सगळ्या पीसींच्या लॅनच्या वायरी स्विचमधून काढा, वायफाय बंद करा. प्रत्येक पीसीवर ‘विंडोज सिक्युरिटी’मधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करा. पीसी रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं लागतात, आणि नेहमीचं विंडोज त्या वेळी चालू नसल्याने वर्मला लपायला जागा कमी उरते. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एका वेळी एकच पीसी जोडून अपडेट पूर्ण करा. पासवर्ड स्वच्छ यंत्रावरून बदला. ड्रॉवरमधले सगळे पेनड्राइव्ह, बॅकअपची हार्डडिस्क आणि कार्ड रीडरमधली कार्डं तपासा. शेवटचा पीसी होईपर्यंत पहिल्याची वायर स्विचला लावू नका. आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या अकाउंटंटचा लॅपटॉप या मोजणीत धरा. साफसफाईच्या दिवशी तो दुकानात नसतो आणि पुढच्या शनिवारी थेट त्याच स्विचला जोडला जातो.