दोन इंच पाणी

आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, एक जांब, दोन निंबं, एक मुनगा, वांग्याचे दोन वाफे, टमाटे, ढेमसं आणि सांभार आहे. (जांब म्हणजे पेरू, मुनगा म्हणजे शेवगा आणि सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांनी इडली शोधू नये.) एवढ्या संसाराला माझी आई ४० वर्षं एक बादली अन् एका फुटक्या मग्यानं पाणी घालत आली. मी रिटायर होऊन गावी आलो आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या हातातली बादली काढून घेतली.

"आता ठिबक बसवू," मी म्हणालो.

"बसव बाप्पा. तवरोक वांग्याले कोन पाहीन?"

तिकडे लक्ष न देता मी शाळेतली उरलेली आलेख वही काढली. एक सेंटीमीटर म्हणजे एक मीटर. रोपं मोजली, ६२ भरली. प्रत्येकाला तासाला ४ लिटर पाणी थेंबथेंब सोडणारा एकेक ड्रीपर धरला तर तासाला २४८ लिटर. विहिरीला हिरवा गोल, नळीला निळी रेघ, गाळणीला लाल चौकोन. २७ वर्षं फळ्यावर विज्ञान शिकवलेल्या माणसाचा नकाशा होता, देखणा होणारच. बायकोनं तो पाहून, "अहो, यात संडास कुठं आहे?" एवढंच विचारलं. नळी बरोबर संडासाच्या दारातून जात होती.

पुढचा प्रश्न मोटारीचा. आमच्याकडे कोणाला ताप आला तर औषध दोघं सांगतात, पण मोटार घ्यायची म्हटलं की अख्खं गाव डॉक्टर. माझा हिशेब अर्ध्या एचपीचा होता. भाटवे (बहिणीचे यजमान) म्हणाले, "अर्ध्या एचपीत काय होते हो? मच्छरदानी नाही हालत." काकाजींनी दीड सांगितली. दुकानदारानं दोन दाखवली. शेवटी एकावर तडजोड झाली आणि विहिरीच्या काठावर सिमेंटचा ओटा करून मोनोब्लॉक, म्हणजे मोटार अन् पंप एकत्र असलेली, बसली.

डिसेंबरात मोठ्या थाटात बटण दाबलं. त्याआधी पाणी मोजून घेतलं होतं, १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली, म्हणजे तासाला २७०० लिटर. मला हवे होते २४८. उरलेल्या पाण्यानं जायचं कुठं, हे नकाशात नव्हतं. नळ्या सापासारख्या फुगल्या, फट् आवाज झाला आणि टोकाचं बूच उडून भाटव्यांच्या चहाच्या कपात पडलं. ते काही बोलले नाहीत. अर्ध्या एचपीचा विषय मीही काढला नाही.

उपाय म्हणून फिल्टरच्या आधी एक फाटा काढून त्याला कॉक बसवला आणि जास्तीचं पाणी परत विहिरीत सोडलं. म्हणजे दहातलं नऊ भाग पाणी वीज खर्चून वर आणायचं, त्याला जरा उजेड दाखवायचा आणि पुन्हा घरी पोचवायचं. आई रोज काठावर उभी राहून ते पाहायची. "पाहुणचार चालू हाय पाण्याचा," म्हणायची.

तरी एप्रिलपर्यंत बरं चाललं. मग एका सकाळी मोटार नुसतीच घुं घुं करू लागली. एअर धरली असेल म्हणून वरून चार बादल्या पाणी ओतलं. फुटबॉल गळत असेल म्हणून पाईप वर ओढून तो घासूनपुसून घेतला. (पाईपाच्या बुडाशी जो व्हॉल्व असतो त्याला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात.) मोटार तशीच घुं घुं. पाणी काठापासून ३२ फुटांवर गेलं होतं.

मिस्त्री आला, विहिरीत खडा टाकला, आवाज ऐकला. "सर, पाणी खाली गेलं. पंचविसाच्या खाली नाही वढत हे."

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. हवेचा दाब पाण्याचा १०.३ मीटरचा स्तंभ तोलून धरतो. म्हणजे जवळजवळ ३४ फूट. मोटार पाणी ओढत नाही, ती फक्त पाईपातला दाब कमी करते, पाण्याला वर ढकलतो तो हवेचा दाब. आपलं पाणी ३२ वर आहे, तेव्हा ते यायलाच पाहिजे. हे सगळं मी विहिरीच्या काठावर उभं राहून, हातवारे करून सांगितलं.

मिस्त्रीनं शांतपणे ऐकलं. "बरोबर असंन सर. पन मी इतक्या मोटारी बसवल्या, चवतिसावा फूट कोन्याच मोटारीले नाही भेटला."

पाईपातलं घर्षण, फुटबॉलचा अडथळा, सांध्यातून शिरणारी हवा, सगळ्यांनी मधल्या मधे आपापला वाटा काढून घेतला होता. वरून निघालेलं अनुदान गावात पोचतं, तसं. हा धडा मी कधी शिकवला नव्हता.

मग मोटार दोरखंडानं १५ फूट खाली उतरवून, विहिरीत ठोकलेल्या लोखंडी अँगलवर बसवली. आता उचल १७ फुटांची. "मिरगाच्या आधी वर काढा बरं," मिस्त्री म्हणाला, "नाहीतं पान्यात जाईन." मी ते वहीत लिहिलं आणि तिथंच बसल्या बसल्या, जे सगळ्यांत आधी करायला हवं होतं ते गणित केलं. आमची विहीर १० फूट व्यासाची. तिच्यात एक फूट पाणी म्हणजे साधारण २२०० लिटर. वाडीला दिवसाला लागतं फार तर ४०० लिटर.

"म्हणजे विहिरीतलं किती?" बायकोनं विचारलं.

"दोन इंच."

आईनं माझ्याकडे, मग अँगलवर लटकलेल्या मोटारीकडे पाहिलं आणि भाजी निवडायला आत गेली.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा पाण्यातल्या क्षारांनी अर्धे ड्रीपर बुजवले. आम्ही दोघं रोज संध्याकाळी टाचणी घेऊन ते टोचत बसतो. त्यात एका तहानलेल्या खारीनं जांबाजवळची नळी कुरतडली. तिथून बारीक कारंजं उडतं. खार रोज दुपारी येते, दोन पायांवर उभी राहून पिते, मिशा पुसते, जाते. वाडीत एवढं टवटवीत झाड दुसरं नाही.

काल पाचवा आराखडा काढला. जांबाजवळ एक छोटा गोल केला आणि आत लिहिलं, 'खार, दुरुस्ती नको.'