अलार्म १६ मिनिटं उशिरा आला नव्हता: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

मागच्या गेटच्या अलार्मकडे त्या रात्री वेळेवर लक्ष गेलं नाही आणि तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. आमच्या मदतकक्षाचा फोन लगेच लागला नाही, त्याबद्दलही क्षमस्व.

पण ‘यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अलार्म १६ मिनिटं उशिरा येतो आणि मग आपोआप गायब होतो’ हे तुमचं वाक्य मला तसंच सोडता येत नाही. निगराणीचं सॉफ्टवेअर घेणारा पहिल्यांदा हेच विचारतो, की अलार्म वेळेवर दिसतो का. त्यावर असं जाहीर लिहिलं गेलं तर आमच्या दारात कोण येईल?

तुम्ही स्वतः पाठवलेल्या लॉगमध्ये त्या नोंदीपुढे वेळेचे तीन रकाने आहेत. गेटच्या सेन्सरवरून पॅनलने अलार्म उठवला २:३१ ला. सर्व्हरवर तो पोचला तोही २:३१ लाच, दोन सेकंदांनी. तिसऱ्या रकान्यातले २:४७ ही अलार्म येण्याची वेळ नाही, ऑपरेटरने तो ॲक्नॉलेज केल्याची, म्हणजे ‘पाहिला’ अशी बटण दाबून पोच दिल्याची आहे. तुम्ही नेमका तोच रकाना वाचलात. पॅनल आणि सर्व्हर एकाच टाइम सर्व्हरवरून वेळ घेतात, त्यामुळे घड्याळं मागेपुढे असण्याचाही प्रश्न नाही. बझर २:३१ पासून वाजत होता आणि २:३३ ला कोणीतरी तो बंद केला, तीही नोंद आहे. आवाज बंद करण्याचं आणि ॲक्नॉलेजचं अशी दोन वेगळी बटणं आम्ही मुद्दाम ठेवली आहेत, म्हणजे आवाज थांबला म्हणून अलार्म पाहिला असं कोणी धरू नये.

मधल्या वेळात नेटवर्कचा स्विच बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि कॅमेऱ्यांच्या ‘संपर्क तुटला’ अलार्मनी यादी भरून गेली होती. कारखान्यांच्या कंट्रोल रूमसाठी असलेल्या आयएसए १८.२ मानकात एका ऑपरेटरपुढे १० मिनिटांत १० हून जास्त अलार्म येण्याला पूर म्हणतात. इथे त्याच्या कितीतरी पट होते. पाळीवर एकच माणूस होता असं तुम्हीच लिहिलंय, त्याला मी दोष देणार नाही. त्याने ‘सर्व निवडा’ करून सगळे एकदम ॲक्नॉलेज केले आणि त्यांत गेटचाही गेला.

तरी तो गायब झाला नव्हता. टपालाच्या पोचपावतीवर सही केली म्हणजे पत्राला उत्तर गेलं असं होत नाही, तसंच ॲक्नॉलेजचं आहे. गेट उघडं होतं तोवर ती ओळ यादीत लालच होती, फक्त तिचं लुकलुकणं थांबलं होतं. तुमच्या स्क्रीनवर ‘फक्त ॲक्नॉलेज न केलेले’ हा फिल्टर लावलेला होता, म्हणून ती दिसली नाही.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला बरं वाटत नाही. पाच मिनिटांत कोणी ॲक्नॉलेज केलं नाही तर सुपरवायझरला आपोआप मेसेज जातो. ही सोय चालू असती तर २:३६ लाच त्यांचा फोन वाजला असता. रात्रीच्या मेसेजचा त्रास होतो म्हणून ती बंद करायला तुम्हीच लेखी कळवलं होतं. तिन्ही पाळ्यांना एकच लॉगिन ठेवू नका, असंही आम्ही बसवताना सांगितलं होतं. आज लॉगमध्ये नुसतं ‘ऑपरेटर’ दिसतं, माणूस कोण ते कळत नाही.

तुमच्या संस्थेचं नाव आणि लॉग मी इथे टाकणार नाही, सुरक्षेचा मामला आहे. महत्त्वाचे अलार्म ‘सर्व निवडा’मधून वगळायचं काम हाती घेतलं आहे, पुढच्या एखाद्या आवृत्तीत येईल, मदतकक्षाच्या रात्रीच्या फोनचंही बघतो आहोत.

तेवढा तिसरा रकाना एकदा उघडून पाहा. पटलं तर उशिराचं ते वाक्य दुरुस्त करा, स्टार एकच ठेवलात तरी चालेल.