रोज बावीस कप चहा सोडा, मग बोलू

कर्जमुक्तीचा एक फिरता मजकूर गेल्या दोन महिन्यांत मला पाच वेळा आला. एकदा मोठ्या दिरांनी पाठवला, एकदा मुलीच्या शाळेतल्या पालकांनी, बाकीचे कुणाकडून ते आता आठवत नाही. सारांश असा: 'कर्ज गरजेमुळे होत नाही, सवयींमुळे होतं. रोजचा बाहेरचा चहा सोडून ते पैसे गुंतवा, वीस वर्षांत करोडपती व्हाल. आठवड्यातले चार दिवस मासळी बंद करा. पगाराचे ५०-३०-२० टक्के (गरजा, हौस, बचत) असे भाग पाडा. कार्डाची किमान रक्कम वेळेवर भरली की काळजी नाही. सगळ्यात लहान कर्ज आधी फेडा. गृहकर्ज फेडायची घाई नको. एवढं पाळलं तर तीन वर्षांत कर्जमुक्त.' खाली जोडलेले हात.

मी गोव्यातल्या साखळी गावची. एका दुकानात हिशेब लिहिते, म्हणून आकडा दिसला की आधी बेरीज करून बघायची खोड आहे.

चहापासूनच सुरू करू, कारण सगळ्यांना तोच भाग आवडतो. आमच्या बाजारात चहाचे १५ रुपये धरा. महिन्याचे झाले ४५०. हे ४५० रुपये वीस वर्षं दर महिन्याला म्युच्युअल फंडात टाकले आणि वर्षाला १२ टक्के सुटले (सुटतीलच असं कुणी लिहून देत नाही, पण मजकुरावर उपकार म्हणून धरू), तर हातात येतात सुमारे साडेचार लाख. एक कोटी व्हायला त्याच दराने महिन्याला १०,००० रुपये लागतात. म्हणजे दिवसाला ३३३ रुपयांचा चहा. बावीस कप. इतका चहा पिणाऱ्या माणसाने तो जरूर सोडावा, पण कारण पैशांचं नसेल.

साडेचार लाख कमी नाहीत, असं कुणी म्हणेल. नाहीतच. पण कर्ज डोक्यावर असताना तो हिशेबच चुकीच्या वहीत मांडलेला असतो. ज्याच्या कार्डावर थकबाकी आहे त्याचे ४५० रुपये १२ टक्क्यांच्या मागे धावतात आणि कार्ड तिकडे ४२ टक्क्यांनी खात असतं.

या मजकुरातलं सगळ्यात महाग वाक्य किमान रकमेचं आहे. 'किमान रक्कम भरली की काळजी नाही' हे मीही दोन वर्षं मानलं. मुलीची फी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि एका चवथीचा (गणेश चतुर्थीचा) बाजार, असं करत कार्डावर ६०,००० चढले होते. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ६०,००० वर २,१०० रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३७८. किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के, म्हणजे ३,०००. मी दर महिन्याला वेळेवर ३,००० भरायचे आणि त्यातले २,४७८ व्याजात आणि करात जायचे. मुद्दल कमी व्हायचं ५२२ रुपयांनी. वेळेवर भरल्यामुळे विलंब शुल्क लागत नाही, एवढाच त्या किमान रकमेचा फायदा. वर आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली: मागचं बिल पूर्ण फेडलेलं नसेल तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्डावर आणलेल्या तेलाच्या डब्याला त्याच दिवसापासून व्याज चालू.

सुटका झाली ती चहा सोडून नाही. एक दिवस अर्धी रजा टाकली, दोन पाटल्या घेऊन बँकेत गेले, वर्षाला १० टक्के दराने सोनेतारण कर्ज काढलं आणि कार्ड एका फटक्यात शून्य केलं. तेवढ्याच ६०,००० वर आता महिन्याचं व्याज ५००. जवळजवळ दोन हजारांचा फरक पडला, म्हणजे एका फेरीत चार माणसांचा महिन्याचा चहा सुटला आणि वर सुटे पैसे उरले. मग तेच ३,००० दर महिन्याला सोनेतारणात भरत गेले, बावीस महिन्यांत पाटल्या घरी. कार्डावर ठेवून, एक रुपयाची नवी खरेदी न करता, तेच ३,००० भरले असते तर साडेतीन वर्षांहून जास्त लागली असती. अर्थात सोनं गहाण टाकून कार्ड रिकामं करायचं आणि दिवाळीला ते परत भरायचं, असं करणारेही बघितले आहेत. त्यांच्यासाठी हा उपाय नव्हे. मी कार्ड कात्रीने कापलं. सासूबाई म्हणाल्या, 'कापड कापायची कात्री प्लास्टिकाला कशाला लावतेस?' तर ती कात्री अजून बोथट आहे.

'लहान कर्ज आधी फेडा' यात थोडं तथ्य आहे. एक खातं बंद झालं की माणसाला धीर येतो, आणि धीर ही काही फुकटची वस्तू नव्हे. पण त्या वेळी आमचं सगळ्यात लहान कर्ज होतं फ्रीजचं, बिनव्याजी हप्त्यांचं, १८,००० उरलेले. मजकुराप्रमाणे आधी ते फेडायला हवं होतं. ज्याला व्याजच नाही ते आधी फेडून काय वाचलं असतं? शून्य. आणि कार्ड तेवढे महिने आणखी खात बसलं असतं. घरातल्या सगळ्या कर्जांची यादी करताना रकमेशेजारी व्याजदर लिहा आणि सगळ्यात मोठ्या दराला आधी गाठा. पतसंस्थेचं, सोनाराचं, कार्डाचं, सगळ्यांचे दर वार्षिक करून लिहा. 'महिना दोन टक्के' ऐकायला गोड लागतं, वर्षाला ते २४ होतात.

गृहकर्जाच्या बाबतीत मजकूर पूर्ण खोटा नाही, अर्धवट आहे. २० लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के, असं कर्ज धरा. हप्ता साधारण १७,३५६. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ व्याजाचे. वर्षाला फक्त एक जादा हप्ता मुद्दलात भरला तर कर्ज तीन वर्षांहून जास्त लवकर संपतं. बदलत्या दराचं गृहकर्ज वैयक्तिक असेल तर मुदतीआधी भरण्याबद्दल दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर चढतात तेव्हाचं तर विचारूच नका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि कित्येकांचा हप्ता तोच राहून मुदत गुपचूप वाढली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तेव्हा बँकेत जाऊन 'माझा शेवटचा हप्ता कोणत्या साली?' एवढं विचारून या. ज्याच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे आणि दुसरं महाग कर्ज नाही, त्याने जादा पैसे फंडात टाकायचे की गृहकर्जाच्या मुद्दलात, याचा वाद खुशाल घालावा. बाकीच्यांना तो वाद परवडत नाही.

मासळीबद्दल फार बोलत नाही. आमच्याकडे सोमवार-गुरुवार आधीच शिवराक (शाकाहारी), श्रावण अख्खा शिवराक, एकादशी-संकष्टी वेगळी. आणखी चार दिवस कुठून काढू? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत मासळी चढ्या भावाने आणण्यापेक्षा घरातलं खारं (सुकवलेली खारी मासळी) काढावं, हे सांगायला मजकूर लागत नाही. इसवण (महागडी सुरमई) सोडा म्हणाल तर ऐकते. तारल्यांचं (स्वस्त मासळीचं) हुमण, म्हणजे कालवण, सोडून त्या जागी पनीर आणायचं असेल तर तुमचा हिशेब तुम्हालाच लखलाभ.

आता ५०-३०-२०. हा नियम कुणी केला त्याला दर महिन्याच्या एक तारखेला तेवढाच पगार मिळत असणार. गोव्यातली कितीतरी घरं पर्यटनाच्या किंवा खाणीच्या सीझनवर चालतात. हॉटेल, शॅक (किनाऱ्यावरची खानावळ), टॅक्सी, पूर्वीची खाण, सगळं ऑक्टोबर ते मे. आणि खर्च? जूनला वह्या-पुस्तकं, छत्र्या, रेनकोट, छपराची डागडुजी. ऑगस्ट-सप्टेंबरला चवथ: माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट), करंज्या-लाडू, दारूकाम, पाहुणे. मिळकत आटलेली असते नेमके तेव्हाच खर्च उभे राहतात. महिन्याचं बजेट जून ते सप्टेंबरमध्ये दर वर्षी मोडतं आणि माणूस स्वतःला उधळ्या समजायला लागतो.

आमच्या आयांना हे ठाऊक होतं. एप्रिल-मेमध्ये पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं ते उगाच नव्हे. मिरच्या, सोलं, मीठ, चिंच, खारं, नारळ, तांदूळ, सगळं पाऊस लागायच्या आत घरात. पैसे हातात असताना पावसाळ्याचा खर्च आधीच करून टाकणं, यापेक्षा चांगलं बजेट मला तरी दिसलेलं नाही. मी तेच पैशांत करते. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वर्षाचे ठोक खर्च लिहिले: शाळा, चवथ, स्कूटरचा विमा, घरपट्टी, पुरुमेंत. बेरीज आली ८४,०००. बारा महिन्यांनी भागल्यास ७,०००, पण मी आठ महिन्यांनी भागते, सीझनच्या. १०,५०० दर महिन्याला वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही. शेजारच्या वहिनी गृह आधारचे (गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे) महिन्याचे १,५०० रुपये चवथीपर्यंत हात लावायचे नाहीत असं ठरवून आहेत. वर्षाचे १८,००० होतात, त्यांची चवथ कार्डावर जात नाही.

काटकसर कुठे उपयोगी पडली तेही सांगते. दुसरी स्कूटर विकली आणि पणजीच्या नोकरीसाठी नवऱ्याने कदंबचा (सरकारी बसचा) पास काढला. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग धरून महिन्याचे दीड-दोन हजार सुटले, एकदाच निर्णय घेऊन. भाजी सरकारी हॉर्टिकल्चर महामंडळाच्या गाळ्यावरून, किराणा बागायतदार या सहकारी संस्थेच्या दुकानातून. रोज मन मारायला लागेल अशी बचत आमच्या घरात तीन आठवड्यांपलीकडे टिकलेली नाही.

राहिलं पहिलं वाक्य, 'कर्ज सवयींमुळे होतं'. ते मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्याचा राग येतो.

नवऱ्याने २०१० मध्ये कर्ज काढून ट्रक घेतला, लोहखनिजाच्या खाणीवर लावायला. तेव्हा आमच्या डिचोली-सत्तरी तालुक्यांत दारोदार ट्रक होते. पावसात माल वाहतूक बंद असायची, ते धरूनच मे महिन्यापर्यंत पावसाळ्याचे हप्ते बाजूला काढलेले असायचे. १० सप्टेंबर २०१२ ला गोवा सरकारने खाणी थांबवल्या. चवथीला नऊ दिवस होते. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचाही बंदीचा आदेश आला. आमचा ट्रक फणसाखाली उभा राहिला आणि हप्ता चालत राहिला. पुढे खाणी पुन्हा सुरू झाल्या, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यात परत सगळं थांबलं. खाणींचा धंदा जसा चालला होता तो बरोबर होता असं मी म्हणत नाही, धुळीने भरलेली शेतं आम्हीही पाहिली आहेत. पण त्या ट्रकवाल्यांना 'चहा सोडा' सांगणाऱ्याने एकदा तो ट्रक बघायला यायला हवं होतं. टायरांत पावसाचं पाणी साचून डास झाले होते. शेवटी गेला तो उरलेल्या कर्जापेक्षा कमी भावाने.

आणि 'तीन वर्षांत कर्जमुक्त'? कुणाचं, किती कर्ज? ३ लाख, १२ टक्के, तीन वर्षं म्हटलं तर हप्ता ९,९६४ येतो. चहाचे ४५० त्यातून वजा करा.

दिरांना मी उलट एवढंच लिहिलं, 'भावोजी, तुमच्या कार्डाचा दर किती?' दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी स्टेटमेंटच्या शेवटच्या पानाचा फोटो आला, बारीक अक्षरांभोवती लाल पेनाने गोल केलेला: महिना ३.६ टक्के. खाली विचारलं होतं, 'वहिनी, सोनेतारणाला पॅन कार्ड लागतं का?'

लागतं म्हटलं, आधारही घ्या. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचंच आहे, तिथून बँकेत जाऊ. चहा तुमच्याकडून.