‘मशीन बसवा, नजर आपोआप मिळेल’ : या सल्ल्यात चुकतं कुठे

इंदूरच्या मराठी घरांत व्हॉट्सॲपवरून एक सल्ला फिरतो. कर्णबधिर मूल नजर देत नाही, हट्ट करतं, ते ऐकू येत नाही म्हणून. मशीन म्हणजे श्रवणयंत्र बसवा, खुणा बंद करा, घरात फक्त हिंदी बोला, ऑटिझमच्या तपासण्यांत पैसे घालू नका.

‘ऐकू येत नाही म्हणून नजर देत नाही.’ नेमकं उलट. ज्याला ऐकू येत नाही त्याचं सगळं लक्ष चेहऱ्यांवर असतं. कर्णबधिर मूल बोट दाखवतं आणि आईने तिकडे पाहिलं का, हे वळून बघतं. आजीच्या भुवया चढल्या की थबकतं. दीड वर्षानंतरही हे दिसत नसेल तर दोष कानांवर ढकलू नये. खुणा शिकणारी काही ऑटिस्टिक मुलं तळवा स्वतःकडे वळवून ‘टाटा’ करतात, कारण समोरच्याचा तळवा त्यांना तसा दिसतो. विचारलेला प्रश्नच हातांनी परत करणं हेही दिसतं. एकट्या अशा लक्षणावरून निदान होत नाही, पण तपासणीचं कारण नक्की मिळतं.

उलटी चूकही होते. टाळीला वळलं नाही म्हणून ऑटिस्टिक मूल बहिरं ठरतं. म्हणून झोपेत बेरा करायची, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात त्याचा आलेख. क्लिकची बेरा मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झचं सांगते. आलेख कोरा आला तरी खालच्या पट्टीतलं ऐकू येत असू शकतं. प्रत्येक पट्टी वेगळी मोजणारी टोन-बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर ही तपासणी मागून घ्या.

‘तपासण्यांत पैसे जातात.’ ऑटिझमची नोंद नसेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘निरामय’ हा वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा नुसत्या बहिरेपणावर मिळत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑटिझम मोजायला वापरतात त्या ‘इसा’ मोजपट्टीत ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. ७०च्या खाली ऑटिझम नाही. त्यातल्या ९ बाबी बोलण्या-संवादाच्या. तोंडाने बोलणं एवढंच धरलं तर कर्णबधिर मुलाचे गुण उगाच फुगतात. श्रवण अहवाल सोबत न्या आणि खुणांनी होणारा संवादही धरायला सांगा.

‘मशीन बसवलं की झालं.’ इथेच बहुतेक घरं अडतात. बहिरेपणाबरोबर ऑटिझमही असेल तर आधी नुसता मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, हातात द्या, मग कानात, मग मशीन जोडून शांत खोलीत पाच मिनिटं, आवडत्या खेळात. मूल चिडण्याआधी मोठ्यांनीच काढावं. नाहीतर ओढलं की सुटका होते, एवढंच ते शिकतं. तरीही ओढत असेल तर मोल्ड टोचतो का, कान वाहतो का, शिट्टी येते का, हे पाहा. वाढत्या कानाला मोल्ड काही महिन्यांत सैल होतो. आतल्या कानाच्या बहिरेपणात बऱ्याचदा हळू आवाज पोचत नाहीत, पण मोठे पटकन असह्य होतात. ऑटिझमने ते आणखी बोचतात. मशीनची कमाल आवाजाची मर्यादा ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) तपासून घ्या. रोज सकाळी आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज तोंड झाकून काढा. मूल हात वर करणार नाही. खेळ थांबला, नजर हलली, तरी पुरे.

बॅटरीच्या झाकणाला कुलूप हवंच. बॅटरी गिळली तर उलटी करवू नका, तडक रुग्णालयात न्या. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही भाजते.

‘खुणा बंद करा.’ आंघोळीत, झोपताना, रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, मशीन काढावंच लागतं. मग तेव्हा मुलाशी काय बोलणार? खुणांमुळे बोलणं अडत नाही. नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश ऑनलाइन फुकट आहे. नजर टिकत नसेल तर खूण मुलाच्या हातातल्या वस्तूजवळ करा. जोडीला ‘आधी–मग’ची पाटी : डावीकडे आंघोळीचा फोटो, उजवीकडे झोक्याचा. फोटो घरातलेच, पुस्तकातला नळ आणि आपला नळ एकच, हे ऑटिस्टिक मुलांना जुळवता येईलच असं नाही. हाक मारायला पाठीवर थाप नको, समोरून येऊन हात हलवा.

‘फक्त हिंदी बोला.’ शाळा हिंदी असली म्हणून आजीने मोडक्या हिंदीत दोन शब्दांवर भागवायचं कारण नाही. तिने मराठीतच भरपूर बोलावं, पण ‘पाणी’ची खूण घरात सगळ्यांनी एकच करावी.